नक्कल अडवणारी बावीस अक्षरं

दोन अंकांपूर्वी रक्ताच्या कॅन्सरवरच्या एका उत्तरात मी 'मायक्रोआरएनए' हा शब्द ओझरता लिहून गेले होते. त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. कागलपासून आजऱ्यापर्यंतची पत्रं आहेत. एका पाकिटात तर एका कंपनीचं रंगीत माहितीपत्रकही घडी घालून ठेवलंय. म्हणून या वेळचं सदर त्याच विषयाला दिलंय. शाहूपुरीतल्या लॅबमध्ये तेहतीस वर्षं मी रक्त बघतेय, तेव्हा उत्तरं रक्ताच्या नळीपासूनच निघणार.

प्रश्न : मी निवृत्त तलाठी आहे. २०२४ चं वैद्यकाचं नोबेल मायक्रोआरएनएच्या शोधाला मिळालं असं वाचलं. पण हा जंतू आहे, औषध आहे की आणखी काही, हे बातमी दोनदा वाचूनही कळलं नाही. (वाचक, कागल)

तलाठीसाहेब, तुमच्याच दप्तरातून सांगते. मूळ रजिस्टर कचेरीत कुलपात राहतं. बँकेत, सोसायटीत जाते ती सातबाऱ्याची नक्कल. आपल्या पेशीतही तसंच चालतं. डीएनए हे मूळ दप्तर. ते पेशीच्या केंद्रकातून बाहेर पडत नाही. त्यातल्या एकेका जनुकाची नक्कल निघते, तिला मेसेंजर आरएनए म्हणतात. ती नक्कल बाहेर जाते आणि ती वाचून पेशी प्रथिनं बनवते. यकृताच्या पेशीत आणि डोळ्याच्या पेशीत दप्तर एकच असतं. कुणी कोणत्या नकला काढायच्या, एवढाच फरक.

बरीच वर्षं शास्त्रज्ञांचा समज असा होता की नक्कल निघाली की काम झालं. पण मध्ये आणखी एक अधिकारी बसलेला आहे. जेमतेम बावीस अक्षरांची, म्हणजे बावीस रासायनिक घटकांची, आरएनएचीच एक पट्टी असते. ती नकलेच्या शेपटाकडच्या भागावर जाऊन बसते. सगळी अक्षरं जुळायची गरज नसते, पट्टीच्या सुरुवातीची सहा-सात जुळली तरी पुरतं. पट्टी बसली की ती नक्कल नीट वाचली जात नाही आणि लवकर नष्ट होते. मूळ दप्तराला धक्का लागत नाही. ही पट्टी म्हणजे मायक्रोआरएनए. तो जंतू नाही, औषधही नाही. आपल्या प्रत्येक पेशीत तो आत्ता हे वाचत असतानाही काम करतोय.

तो तयार कसा होतो तेही सांगते, कारण पुढच्या उत्तरांत ते लागेल. आरएनएचा एक लांब धागा स्वतःवरच दुमडतो, केसांत खोवायच्या आकड्यासारखा. ड्रोशा नावाचं विकर केंद्रकातच त्याची टोकं छाटतं. बाहेर आल्यावर डायसर नावाचं दुसरं विकर त्या आकड्याचा बाक कापून टाकतं. उरलेली पट्टी आर्गोनॉट नावाचं प्रथिन हातात धरतं आणि तिच्याशी जुळणारी नक्कल शोधायला लागतं.

हा शोध लागला एक मिलिमीटर लांबीच्या पारदर्शक अळीत. व्हिक्टर अँब्रोस यांच्या प्रयोगशाळेत रोझालिंड ली आणि ऱ्होंडा फाइनबॉम या दोघी लिन-४ नावाच्या जनुकामागे लागल्या होत्या. हे जनुक बिघडलं की अळीची वाढ अडखळते. ते कोणतं प्रथिन बनवतं ते त्यांनी कसून शोधलं. प्रथिन सापडेना. सापडला तो बावीस अक्षरांचा आरएनए. तिकडे गॅरी रुवकुन लिन-१४ या दुसऱ्या जनुकावर काम करत होते. १९९२ च्या जूनमध्ये अँब्रोस आणि रुवकुन यांनी आपापल्या जनुकाची अक्षरं एकमेकांना कळवली आणि लक्षात आलं की लिन-४ ची पट्टी लिन-१४ च्या नकलेच्या शेपटाशी जुळते. १९९३ मध्ये हे छापून आलं, पण फारसं कुणी लक्ष दिलं नाही. अळीचा काहीतरी वेगळा प्रकार असेल म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. २००० मध्ये रुवकुन यांच्या प्रयोगशाळेला लेट-७ ही दुसरी पट्टी सापडली. ती माशीत, माशात आणि माणसातही अक्षरन् अक्षर तशीच निघाली. त्यानंतर मात्र जगभर शोध सुरू झाला. आज माणसात अशा हजारांहून अधिक पट्ट्या माहीत आहेत. सात वर्षं हे काम कोपऱ्यात पडून होतं, याचं मला अजून वाईट वाटतं.

प्रश्न : मॅडम, आमचं गुऱ्हाळ आहे. थोरल्या भावाच्या रक्तात पांढऱ्या पेशी ६०,००० निघाल्या. पुण्याला नमुना पाठवला. रिपोर्टात सीएलएल, म्हणजे एक प्रकारचा रक्ताचा कॅन्सर, आणि '१३ नंबरचा तुकडा गेलेला' असं लिहिलंय. तुमच्या मागच्या उत्तरात या तुकड्याचा आणि मायक्रोआरएनएचा संबंध होता. भावाला त्रास काहीच नाही, हंगामात रोज चुलवाणापाशी उभा असतो. डॉक्टर म्हणतात, सध्या औषध नको. हे बरोबर आहे का? आणि हे पोरांना होईल का? (वाचक, करवीर तालुका)

दादा, आधी जे ऐकायला तुम्ही पत्र लिहिलंय ते सांगते. सीएलएलमध्ये फक्त १३ नंबरच्या गुणसूत्राचाच तुकडा गेलेला असेल आणि दुसरी मोठी गडबड नसेल, तर तो आजार बहुधा सौम्य चालीचा असतो. त्रास नसताना औषध न देता दर काही महिन्यांनी रक्त बघत राहायचं, ही जगभरची मान्य पद्धत आहे. तुमच्या डॉक्टरांनी टाळाटाळ केलेली नाही. मुलांचं म्हणाल तर हा तुकडा भावाच्या रक्तातल्या पेशींमधून पुढे कधीतरी गळालाय. जन्मापासून नाही. गळालेला तुकडा मुलांकडे जात नाही.

हा आजार मला अनेकदा अचानक भेटतो. कुणी हर्नियाच्या ऑपरेशनआधी रक्त देतं, कुणी विम्याच्या तपासणीसाठी. काचेवर रक्ताचा पातळ थर ओढून, म्हणजे स्मिअर काढून, ती भिंगाखाली धरली की लहान गोल लिंफोसाइट या पांढऱ्या पेशींची गर्दी दिसते आणि मध्ये मध्ये पुसलेल्या डागासारख्या फुटक्या पेशी. त्यांना आम्ही स्मज सेल म्हणतो. या पेशी इतक्या नाजूक असतात की काच ओढतानाच फुटतात. मग मी त्याच रक्तात अल्ब्युमिनचा एक थेंब मिसळून दुसरी काच ओढते. डाग बरेच कमी होतात, पेशी शाबूत दिसतात आणि मोजता येतात. तुमच्या भावाचीही पहिली काच कुणीतरी अशीच बघितली असणार.

पुण्याला झाली ती फिश नावाची तपासणी. पेशीत १३ नंबरच्या गुणसूत्राच्या दोन प्रती असतात. ज्या तुकड्याबद्दल शंका आहे त्यावर चमकणारा तांबडा रंग बसवतात आणि त्याच गुणसूत्रावर खूण म्हणून दुसरीकडे हिरवा. निरोगी पेशीत दोन तांबडे, दोन हिरवे ठिपके दिसतात. भावाच्या पेशींत हिरवे दोन दिसले असतील, तांबडा एकच. सीएलएलच्या निम्म्याहून अधिक रुग्णांत हे दिसतं.

वर्षानुवर्षं शास्त्रज्ञ त्या तुकड्यात कॅन्सर अडवणारं प्रथिन-जनुक शोधत होते आणि हाताला लागत नव्हतं. २००२ मध्ये फिलाडेल्फियात जॉर्ज कॅलिन आणि कार्लो क्रोचे यांच्या गटाला उत्तर सापडलं. त्या तुकड्यात मिर-१५ए आणि मिर-१६-१ या दोन मायक्रोआरएनए पट्ट्या होत्या. कोणत्याही मानवी आजाराशी मायक्रोआरएनएचा इतका थेट संबंध पहिल्यांदाच जोडला गेला. २००५ मध्ये त्यांचं एक काम कळलं. बीसीएल-२ नावाचं एक प्रथिन आहे, ते पेशीला मरू देत नाही. या दोन पट्ट्या त्याच्या नकला दाबून ठेवतात. पट्ट्या गेल्या की बीसीएल-२ वाढतं, जुन्या पेशी वेळेवर मरत नाहीत आणि रक्तात साचत जातात. २०१० मध्ये उंदरांतून नेमक्या याच पट्ट्या काढून बघितल्या, तर त्यातल्या काहींना सीएलएलसारखाच आजार झाला. माझ्या मते सगळ्यात पक्का पुरावा तो.

तुम्हाला हे तुमच्या चुलवाणावरून लगेच कळेल. जळव्या चिपाडं टाकत असतो, पण किती टाकायची ते गुळव्या काहिलीकडे बघून सांगतो. जाळ विझवायचा नसतो, बेतात ठेवायचा असतो. गुळव्या उठून गेला तरी जळव्या टाकतच राहतो. चिपाडात दोष नाही, चुलवाणात नाही, आवर घालणारा जागेवर नाही. मायक्रोआरएनए हे असं आवर घालायचं काम करतात. जनुक पूर्ण बंद करणं क्वचितच, बहुधा थोडं कमी करणं. आणि एकच पट्टी शेकडो वेगवेगळ्या नकलांवर बसू शकते, म्हणून ती गेली तर अनेक ठिकाणी जाळ वाढतो.

हरवलेली पट्टी इंजेक्शनने परत देता येईल का, असं तुम्ही विचाराल. तसं औषध अजून नाही. पण बीसीएल-२ प्रथिनालाच अडवणारी व्हेनेटोक्लॅक्स नावाची गोळी आहे. अमेरिकेत तिला २०१६ मध्ये परवानगी मिळाली आणि सीएलएलमध्ये ती फार उपयोगी ठरलीय. भावाला पुढे कधी उपचाराची गरज लागलीच तर हे नाव तुमच्या कानावर येईल. तोपर्यंत ताप, मानेत किंवा काखेत वाढणाऱ्या गाठी, रात्री अंग भिजवणारा घाम, कारण नसताना उतरणारं वजन, यांवर लक्ष ठेवा. आणि रक्ताची तारीख गुऱ्हाळाच्या हंगामातही चुकवू नका.

प्रश्न : भातातले मायक्रोआरएनए आपल्या रक्तात जाऊन कोलेस्टेरॉल वाढवतात असं मोबाइलवर आलंय. आम्ही घनसाळ पिकवतो आणि तोच खातो. (वाचक, आजरा)

२०१२ मध्ये तसा एक शोधनिबंध खरंच छापून आला होता. भाताची एक पट्टी माणसाच्या रक्तात सापडते आणि यकृतात काम करते, असा त्यात दावा होता. नंतर इतर गटांनी तोच प्रयोग करून बघितला, तर तो परिणाम मिळाला नाही. वनस्पतींची पट्टी शिजणं, जठरातलं आम्ल आणि आतडं यांतून शाबूत गेली तरी ती इतकी नगण्य असते की तिच्याने काही घडावं असं दिसत नाही. घनसाळ खा. मधुमेह असेल तर किती खायचा ते मोजा.

प्रश्न : माझे आजोबा, वडील आणि आता थोरला भाऊ, तिघांनाही चाळिशीनंतर ऐकू कमी येऊ लागलं. तिघंही यंत्रमागावर. एका मायक्रोआरएनएच्या दोषाने घराण्यात बहिरेपणा येतो असं वाचलं. माझं लग्न ठरतंय, मी तपासणी करून घेऊ का? (वाचक, इचलकरंजी)

बाळ, तू वाचलंस ते खरं आहे. कानाच्या आतल्या केसपेशींत मिर-९६ नावाची पट्टी असते. २००९ मध्ये स्पेनमधल्या दोन कुटुंबांत असं दिसलं की या पट्टीच्या सुरुवातीच्या, म्हणजे नकलेशी जुळणाऱ्या भागातलं एकच अक्षर बदललेलं आहे आणि त्यामुळे पिढ्यान् पिढ्या श्रवण हळूहळू कमी होत जातं. एवढ्याशा पट्टीतलं एक अक्षर. तोपर्यंत मायक्रोआरएनएमधला असा एका अक्षराचा वारसा आजार म्हणून दाखवलेला नव्हता. मी तो निबंध वाचला तेव्हा रात्रभर मनातून जात नव्हता.

पण हा प्रकार अतिशय दुर्मिळ आहे आणि तुझ्या पत्रातला मला खुपणारा शब्द वेगळाच आहे : तिघंही मागावर. धोट्याच्या मागांचा खडखडाट एका शेडमध्ये ९५ ते १०० डेसिबलच्या घरात असतो. आपल्या कारखान्यांच्या नियमात आठ तासांना मर्यादा ९० डेसिबलची आहे. इचलकरंजीच्या गल्लीतून जाताना दोन माणसं एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊन बोलताना दिसतात, तेव्हाच कळतं की आत काय चाललंय. वर्षानुवर्षं हा आवाज ऐकणाऱ्याच्या कानातल्या त्याच केसपेशी मरतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत.

आता तू घरात दोन गोष्टी बघ. पहिली म्हणजे तुझ्या आत्या. वारशाचा दोष असेल तर तो मुलगा-मुलगी बघत नाही. मागावर कधीच उभ्या न राहिलेल्या आत्याला साठीत नीट ऐकू येत असेल, तर तुमच्या घरातला बहिरेपणा मागाचा असण्याची शक्यता वाढते. एकच आत्या असेल तर त्यावर फार भिस्त ठेवू नकोस. दुसरी, भावाची ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी. गोंगाटाने गेलेल्या कानाच्या आलेखात ४००० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो आणि ८००० ला रेघ थोडी वर येते. हा आलेख कान-नाक-घशाचे डॉक्टर पाच मिनिटांत बघून सांगतात. मागावर न गेलेल्या नातेवाइकांनाही कमी ऐकू येत असेल, आलेखही वेगळा आला, तरच जनुकीय सल्ल्याचा विचार कर.

आणि भावाला आजच कानात घालायचे प्लग घेऊन दे. उरलेलं ऐकू येणं राखता येतं. पुष्कळ कामगार म्हणतात, प्लग घातले की धागा तुटल्याचा अंदाज येत नाही. त्यांची अडचण मला समजते. दोन आठवडे लागतात, मग सवय होते असं माझ्याकडे येणाऱ्या जॉबरांनीच सांगितलंय. लग्नाच्या बोलण्यात हा विषय काढायचं सध्या मला कारण दिसत नाही.

प्रश्न : मी ५२ वर्षांची शिक्षिका. रक्तातल्या मायक्रोआरएनएवरून 'सगळ्या कॅन्सरचं लवकर निदान' करणारी चाचणी १८,००० रुपयांत करून देऊ, असं एक प्रतिनिधी घरी येऊन सांगून गेला. पत्रक सोबत पाठवतेय. माझी आई गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने गेली. पैसे जमवून करावी असं मनात आहे. (वाचक, कोल्हापूर)

बाई, तुमच्या आईचं वाचून वाईट वाटलं. तुमची भीती रास्त आहे आणि म्हणूनच हे पत्रक मी दोनदा वाचलं. माझं उत्तर आहे : करू नका. का ते सविस्तर सांगते, कारण असा प्रतिनिधी आणखी घरांत गेला असेल.

पत्रकातली पहिली अर्धी पानं खरी आहेत. २००८ मध्ये कळलं की मायक्रोआरएनए पेशीच्या बाहेर, रक्तद्रवातही फिरत असतात. साधा आरएनए रक्तात मिनिटांत तुटतो, पण या पट्ट्या आर्गोनॉट प्रथिनाला चिकटून किंवा पेशींतून सुटलेल्या बारीक पिशव्यांत राहून टिकतात. कॅन्सरमध्ये त्यांतल्या काही वाढतात, काही घटतात. मिर-२१ तर कितीतरी कॅन्सरमध्ये वाढलेली दिसते. तिथेच अडचण आहे. कितीतरी कॅन्सरमध्ये, आणि नुसत्या सुजेतही. मग ती वाढलेली दिसली म्हणजे नेमकं काय झालंय ते कसं सांगणार?

दुसरी अडचण माझ्या रोजच्या कामातली आहे. तिच्याबद्दल पत्रकात एक ओळ नाही. रक्ताची नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली की वर पिवळसर सीरम येतं. सुई नीट लागली नाही, सिरिंज जोरात ओढली, नळी हलवली, उन्हात राहिली किंवा बर्फाला चिकटली, तर लाल पेशी फुटतात आणि सीरम गुलाबी होतं. लाल पेशींत मिर-४५१ आणि मिर-१६ ठासून भरलेल्या असतात. वरच्या गुऱ्हाळवाल्या दादांच्या भावाच्या पेशींत जी पट्टी कमी पडलीय, तीच मिर-१६. नमुना जरा फुटला की सीरममध्ये तिचा पूर येतो. म्हणजे एकाच माणसाचं रक्त सकाळी हलक्या हाताने काढलं तर एक आकडा आणि संध्याकाळी घाईत काढलं तर दुसरा. गंमत म्हणजे सुरुवातीची बरीच वर्षं याच मिर-१६ ला स्थिर मानून तिच्याशी बाकीच्या पट्ट्यांची तुलना केली जायची. २०११-१२ नंतर बारकाईने बघितल्यावर कळलं की कॅन्सरच्या खुणा म्हणून छापलेल्या अनेक पट्ट्या मुळात रक्तपेशींतूनच आलेल्या असतात.

फुटलेल्या नमुन्याने काय होतं ते मी एकदा भोगलंय. लॅब सुरू करून दोन-तीन वर्षं झाली होती. जुलै महिना. गगनबावड्याकडून एसटीने एका बाईंचा नमुना आला, थर्मासमध्ये बर्फाला टेकलेला. त्या दिवशी कामाचा ढीग होता. सीरम लालसर आहे हे मी बघितलं आणि तरी आकडा दिला. पोटॅशियम ६.८. लाल पेशींत पोटॅशियमही भरलेलं असतं, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. तिथल्या डॉक्टरांनी, त्यांचं काही चुकलं नाही, हृदय थांबेल या भीतीने बाईंना रात्रीच कोल्हापूरला पाठवलं. मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी होतं. जीपमध्ये त्यांच्या मांडीवर पाच महिन्यांचं बाळ. पहाटे तीनला मी स्वतः पुन्हा रक्त काढलं. पोटॅशियम ४.३. त्या बाई काही बोलल्या नाहीत. बाळाला पदराखाली घेऊन बाकावर बसून राहिल्या. तेव्हापासून माझ्या लॅबमधून लाल सीरमचा आकडा बाहेर जात नाही. पुन्हा रक्त मागवतो, लोक चिडले तरी.

मी त्या प्रतिनिधीला विचारलं असतं : नमुना कुठे फिरवता, किती तासांत, आणि तो फुटलेला नाही हे कसं बघता? चांगल्या प्रयोगशाळेत मिर-४५१ आणि मिर-२३ए यांचं गुणोत्तर काढून ते तपासतात. रक्त गोठू नये म्हणून हेपारिन घातलेल्या हिरव्या नळीतलं रक्त तर चालतच नाही, हेपारिन ती चाचणीच अडवतं. पत्रकावर लिहिलंय, 'कोणत्याही नळीतील रक्त चालेल'.

आता समजा, हे सगळं नीट झालं. समजा, चाचणी खरंच चांगली आहे, १०० कॅन्सरपैकी ९० पकडते आणि १०० निरोगी माणसांपैकी फक्त पाचांना चुकून 'आहे' म्हणते. तुमच्यासारख्या, काही त्रास नसलेल्या १०,००० जणांची केली आणि त्यांत खरा कॅन्सर ५० जणांना आहे. पन्नासातले ४५ सापडतील. आणि उरलेल्या ९,९५० निरोगी लोकांतले जवळजवळ ५०० घाबरून स्कॅन, एंडोस्कोपी, बायोप्सी करत फिरतील. 'आहे' असा कागद हातात आलेल्या दर बारांमध्ये खरा रुग्ण एक. आणि तुमच्या माहितीपत्रकात तर चाचणी किती पकडते आणि किती चुकते, हे दोन्ही आकडेच नाहीत.

परदेशात मायक्रोआरएनए चाचण्या अजिबात नाहीत असं मी म्हणत नाही. थायरॉइडच्या गाठीतून सुईने पेशी काढल्या आणि भिंगाखाली निर्णय होईना, तर अमेरिकेत मायक्रोआरएनए बघून मदत घेतात. तिथे गाठ आधीच सापडलेली असते, पेशी गाठीतल्याच असतात आणि प्रश्न एकच असतो. सगळ्या शरीराचं भविष्य एका नळीतून सांगायचा प्रकार वेगळा.

तुमच्या आईला झाला तो कॅन्सर बहुतेक वेळा एचपीव्ही विषाणूमुळे होतो आणि तो होण्याच्या कितीतरी वर्षं आधी पकडता येतो. सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे एचपीव्हीची किंवा पॅपची तपासणी करून घ्या. स्तनांची तपासणी आणि डॉक्टर सांगतील तशी मॅमोग्राफी. तोंडही दाखवा. मिश्री लावत असाल तर आजपासून सोडा. आपल्या भागातल्या कितीतरी बायका मिश्रीला तंबाखू मानतच नाहीत. गालाच्या आत पांढरा चट्टा दिसत असूनही त्या कितीतरी उशिरा येतात. तिशीच्या पुढच्या सगळ्यांसाठी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची प्राथमिक तपासणी सरकारी आरोग्य केंद्रातही होते. या सगळ्याला १८,००० लागत नाहीत, आणि यांनी जीव वाचतात हे सिद्ध झालंय.

पत्रक मी ठेवून घेतलंय. तुमची हरकत नसेल तर पुढच्या डॉक्टरांच्या बैठकीत दाखवणार आहे.

प्रश्न : मी शिवाजी विद्यापीठात एमएस्सी करतोय. मायक्रोआरएनएचं औषध अजून का नाही? या विषयात पुढे काम करायचं असेल तर काय करू? (वाचक, कोल्हापूर)

जवळ जाऊन परतलेली दोन औषधं सांगते. यकृतात मिर-१२२ ही पट्टी भरपूर असते आणि हेपॅटायटिस सी विषाणूला वाढायला ती लागते. २००५ मध्ये हे कळलं. मग तिला अडवणारं मिराव्हिर्सेन तयार झालं. २०१३ मध्ये छापलेल्या चाचणीत रुग्णांच्या रक्तातला विषाणू खरोखर खाली आला. पण त्याच सुमाराला बारा आठवड्यांत आजार बरा करणाऱ्या गोळ्या आल्या आणि इंजेक्शन मागे पडलं. दुसरं, मिर-३४ए या कॅन्सर अडवणाऱ्या पट्टीची नक्कल करणारं औषध. रुग्णांच्या प्रतिकारशक्तीची गंभीर प्रतिक्रिया आली, काही रुग्ण दगावले आणि २०१६ मध्ये चाचणी थांबवावी लागली. एक पट्टी शेकडो नकलांवर बसते हे मी वर लिहिलं, ते औषध करताना असं आडवं येतं. शिवाय पट्टी हव्या त्या अवयवात पोचवणं अवघड. यकृतात ती जाते, बाकी ठिकाणी नेणं हे अजून मोठं काम आहे.

तिची चुलत बहीण मात्र दवाखान्यात पोचलीय. एसआयआरएनए नावाच्या पट्ट्या त्याच आर्गोनॉट प्रथिनाचा वापर करतात, पण अक्षरं पूर्ण जुळवून एकाच नकलेला लक्ष्य करतात. २०१८ मध्ये पहिलं असं औषध, पॅटिसिरान, मंजूर झालं. कोलेस्टेरॉलसाठीचं इन्क्लिसिरान सुरुवातीच्या दोन मात्रांनंतर सहा महिन्यांतून एकदाच घ्यावं लागतं. अळीतलं ते १९९३ चं काम नसतं तर पेशीतल्या या यंत्रणेची आपली समज आजही अर्धवटच असती, असं मला वाटतं.

तुला काय करायचं ते विचारलंस. आरटी-पीसीआर शीक, थोडं कोडिंग शीक, आणि त्याआधी रक्त हाताळायला शीक. तुझ्या पिढीतली मुलं थेट आकड्यांपासून सुरू करतात आणि आकडा ज्या नळीतून आला ती त्यांनी कधी उजेडाला धरलेली नसते. सुट्टीत महिनाभर माझ्याकडे यायचं असेल तर विभागप्रमुखांचं पत्र घेऊन ये. सकाळी साडेसातला ये, कागल आणि गगनबावड्याचे नमुने तेव्हा येतात. पहिला आठवडा तू यंत्राला हात लावणार नाहीस. सीरम पिवळं की गुलाबी, एवढंच वहीत लिहायचं.